टॅपेट सेट करूनही टिक-टिक परत येते: जुन्या एमजीएचं इंजिन बांधताना टॅपेट कसे निवडावेत

लक्षण असं असतं. इंजिन नुकतंच बांधलेलं, रिंगा नव्या, हेडचं काम झालेलं, टॅपेट नवेकोरे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर आवाजाला नाव ठेवायला जागा नसते. मग एका सकाळी बॉनेटखालून टिक-टिक सुरू होते. रॉकर कव्हर काढून फीलर गेज (ठरावीक जाडीची पाती) लावला की एखाद्या व्हॉल्व्हला जागा जास्त सापडते. सेट करतो, आवाज जातो. पुढच्या महिन्यात तोच व्हॉल्व्ह, तीच टिक-टिक. तिसऱ्यांदा हे झालं की समजावं, दोष रॉकरच्या स्क्रूमध्ये नाही. तो खाली आहे, टॅपेट कॅमवर (व्हॉल्व्ह उघडवणाऱ्या फिरत्या दांड्यावर) टेकतो तिथे.

आमच्या एमजीए १५०० मध्ये हे दीड वर्ष चाललं. गाडी म्हणजे १९५७ ची दोन आसनी इंग्लिश स्पोर्ट्स कार, सासऱ्यांकडून आलेली. इंजिन दोनदा उघडून फसलो, तिसऱ्यांदा नीट बांधलं. त्यात जे हाती लागलं ते सविस्तर लिहितो आहे, कारण टॅपेटचा एक वाईट संच चांगला कॅम खाऊन टाकतो आणि या गाडीचा कॅम मिळवणं टॅपेट मिळवण्याहून फार अवघड आहे.

एक खुलासा आधीच. बाजारात 'टॅपेट वाजतोय' म्हणतात तेव्हा बहुतेकांच्या मनात रॉकरचा स्क्रू आणि त्याखालची जागा असते. मी इथे टॅपेट म्हणतोय तो ब्लॉकच्या आत असतो: पेल्यासारखा पोकळ लोखंडी तुकडा, ज्याचा तळ कॅमवर घासतो आणि ज्याच्या पोटात पुशरॉड, म्हणजे वरच्या रॉकरला ढकलणारी काडी, उभा राहतो. परदेशी पुस्तकांत त्यालाच लिफ्टर किंवा फॉलोअर म्हणतात.

एमजीए नसली तरी हे वाचा. एमजीए १५०० चं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सीरिजचं, आणि आपल्या ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं. एमजीबीचं १७९८ सीसी त्यांचंच मोठं भावंड. स्टँडर्ड हेरल्ड किंवा फियाट ११०० चं इंजिन वेगळं, पण कॅम ब्लॉकमध्ये आणि वर पुशरॉड ही रचना तीच. मोजमापं बदलतील, तपासायची रीत तीच राहील.

आधी आवाजाची खात्री

टिक-टिक ऐकली की सगळ्यांचं बोट टॅपेटकडे जातं. पण एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुटली तरी जवळजवळ तसाच आवाज येतो. इंजिन गरम होऊन लोखंड फुगलं की तो बहुधा दबतो, आणि ॲक्सिलरेटर दाबला की वाढतो. आम्ही पहिले आठ दिवस त्याच संशयात घालवले.

सर्वांत उपयोगी पडली ती जुन्या मिस्त्रींची युक्ती. रॉकर कव्हर काढून इंजिन मंद चालू ठेवायचं आणि फीलर गेजचं पातं एकेका रॉकरच्या टोकाखाली सरकवायचं. ज्याच्याखाली पातं गेल्यावर टिक-टिक थांबते, तो आपला. तेल उडतं, म्हणून डोळ्यांना चष्मा लावा आणि बाह्या दुमडून घ्या. आमच्याकडे रेडिएटरकडून मोजत पाचवा निघाला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट.

त्यानंतर रॉकरचं टोक पाहा. वर्षानुवर्षं व्हॉल्व्हच्या दांड्यावर आपटून त्यात खळगी पडते. गेजचं सपाट पातं त्या खळगीवर पुलासारखं पडतं, त्यामुळे हाताला १७ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लागतात आणि खरी जागा २२-२३ असते. सेट केल्याबरोबर वाजत असेल तर बहुधा हेच कारण. आमचा प्रकार तसा नव्हता. सेट केल्यावर आवाज पूर्ण जायचा आणि मग हळूहळू परतायचा. हा फरक महत्त्वाचा आहे. खळगीवाला रॉकर पहिल्या मिनिटापासून वाजतो, झिजणारा टॅपेट मुदत घेऊन वाजतो.

सेट करण्याची पद्धत बी-सीरिजवाल्यांना ठाऊक असते, तरी नव्यांसाठी सांगतो. नऊचा नियम. पहिला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना आठवा सेट करायचा, दुसरा उघडा असताना सातवा, तिसऱ्याला सहावा, चौथ्याला पाचवा आणि मग उलट. बेरीज कायम नऊ. एमजीए १५०० ला इंजिन गरम असताना १७ थाऊ, साधारण ०.४३ मिमी.

वहीतल्या आकड्यांनी काय सांगितलं

मी एका वहीत आठ रकाने आखले आणि प्रत्येक वेळी सेट करण्याच्या आधीचं माप लिहायला लागलो. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. पाचव्याचे आकडे असे: १७ वर सेट केला, ३०० किलोमीटरला २१. पुन्हा १७, आणि पुढच्या अडीचशे किलोमीटरमध्ये २३. दुसरा आणि सातवा दर वेळी एक-दोन थाऊंनी वाढलेले. उरलेले पाच जागचे हलले नव्हते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मलाही ती समजायला वेळ लागला. क्लीअरन्स, म्हणजे रॉकरखालची जागा, मोजतो तेव्हा टॅपेट कॅमच्या गोल पाठीवर असतो, नाकाच्या (उंच टोकाच्या) विरुद्ध बाजूला. त्यामुळे कॅमचं नाक कितीही झिजलं तरी क्लीअरन्समध्ये ते दिसत नाही. व्हॉल्व्ह फक्त कमी उघडतो, ताकद जाते, आणि आवाज येईलच असं नाही. क्लीअरन्स वाढतो तेव्हा झिजत असतो टॅपेटचा तळ, नाहीतर पुशरॉडचं टोक किंवा रॉकर. म्हणजे फीलर गेज टॅपेटची खबर देतो, कॅमच्या नाकाची देत नाही. नाकासाठी डायल गेज हवा, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते काट्यावर दाखवणारं घड्याळ.

याच्या उलटही घडतं. क्लीअरन्स कमी कमी होत जात असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत चाललाय. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आहे, आणि या इंजिनांच्या मूळ सीट शिशाच्या काळातल्या. हेडला कडक सीट बसवलेल्या नसतील तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह रुतू शकतात. सर्वांत फसवी अवस्था म्हणजे दोन्ही एकदम होणं: वर सीट रुततेय, खाली टॅपेट झिजतोय, एक जागा खातोय आणि दुसरा वाढवतोय. गेज लावला की १७ चे १७. आपण निश्चिंत, आणि आत दोन्हीकडून नासाडी चालू. म्हणून एकट्या क्लीअरन्सवर विश्वास ठेवू नका.

डायल गेज चुंबकी स्टँडवर बसवून त्याचं टोक व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या टोपीवर टेकवलं, स्पार्क प्लग काढले आणि इंजिन हँडलने हळू फिरवलं. चार एक्झॉस्टपैकी तिघांची उचल एकमेकांच्या दोन-तीन थाऊंत. पाचवा तब्बल ३० थाऊंनी कमी. म्हणजे टॅपेटही गेला होता आणि त्याने कॅमचं नाकही खाल्लं होतं. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या बोल्टातून तेल काढून त्यात चुंबक फिरवला, तर त्यावर करडा चिकट लेप जमला. तो पाहिल्यावर गाडी लगेच उभी करून ठेवली.

उघडल्यावर

एमजीएची एक सोय आहे: ब्लॉकच्या बाजूला दोन झाकणं असतात आणि ती काढली की टॅपेट हाताने बाहेर काढता येतात, इंजिन गाडीतून न उतरवता. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड मात्र आधी काढावे लागतात. दुसरी अडचण रॉकर शाफ्टची. त्याच्या खांबांचे काही नट हेडचेच स्टड पकडतात. तेवढेच सोडले तर हेडवर एका बाजूने ताण येऊन ते वाकण्याची भीती असते. पाणी काढा, हेडचे सगळे नट क्रमाने थोडेथोडे ढिले करा आणि मगच शाफ्ट उचला. नवी हेड गॅस्केट हाताशी ठेवा, तिची गरज पडतेच असं धरून चाला. परत कसताना हेडला ५० पाउंड-फूट, रॉकरच्या खांबांना २५.

पुशरॉड सरळ वर ओढू नका. तेलामुळे टॅपेट त्याला चिकटून वर येतो आणि सुटून पडतो. आधी बोटांनी पिळून सोडवा, मग उचला. टॅपेट ठेवायला अंड्यांचा ट्रे घेतला आणि प्रत्येक खळग्यावर आकडा लिहिला. जुना टॅपेट परत बसवायची वेळ आलीच तर तो त्याच्याच लोबवर (कॅमच्या उंचवट्यावर) गेला पाहिजे. त्यांची झीज एकमेकांना मुरलेली असते.

आमचे मिस्त्री चाळीस वर्षं ॲम्बेसेडरवर काम केलेले. पाचवा टॅपेट त्यांनी उन्हात तिरपा धरला आणि मला म्हणाले, "भाऊ, हा फिरतच नव्हता जी. एकाच जागी घासून राहिला होता." तळावर मधोमध सरळ पट्टा, पट्ट्यात बारीक खड्डे. शेजारचा चौथा पाहिला तर तळावर गोल, एकसारखी चकाकी. पूर्ण निदान त्या दोन तळांवर लिहिलेलं होतं.

टॅपेट फिरला पाहिजे. त्याला सपाट टॅपेट म्हणत असले तरी त्याचा तळ बहुधा पूर्ण सपाट नसतो, किंचित घुमटासारखा असतो. डोळ्याला दिसणार नाही इतका. कॅमच्या लोबलाही किंचित उतार असतो आणि टॅपेट लोबच्या बरोबर मध्यावर नसून थोडा बाजूला असतो. या तिन्हींमुळे प्रत्येक उचलीला टॅपेट स्वतःभोवती जरासा वळतो. वळला की झीज संपूर्ण तळावर वाटली जाते आणि दर वेळी तेलाची नवी थर घेऊन तो नाकाखाली जातो. वळायचा थांबला की एकाच रेषेवर सगळा दाब, आणि काही तासांत खेळ खलास.

तो का थांबला, हे शोधल्याशिवाय नवा टॅपेट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. पहिल्या वेळी आम्ही नेमकं तेच केलं. खराब तीन टॅपेट बदलले, कॅम 'चालून जाईल' म्हणून तसाच ठेवला. नवे तिन्ही टॅपेट त्या खरवडलेल्या लोबवर सहाशे किलोमीटरसुद्धा टिकले नाहीत.

निवड करताना

इथून पुढे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. टॅपेट एकटा निवडता येत नाही. निवडायची असते ती जोडी: कॅम आणि टॅपेट. त्याचे नियम कठोर आहेत. कॅम नवा किंवा पुन्हा ग्राइंड केलेला असेल तर आठही टॅपेट नवे, याला अपवाद नाही. कॅम जुना पण निर्दोष असेल तर नवे टॅपेट चालतात. जुना कॅम आणि जुने टॅपेट चालतात, पण प्रत्येक आपल्या मूळ जागी. नव्या कॅमवर जुना टॅपेट कधीही नाही, कितीही चकचकीत दिसला तरी. आणि एका लोबचं नाक गेलं असेल तर उरलेल्या सातांकडे पाहून मन घट्ट करा, कॅम बदला.

लांबी. इथे सर्वांत जास्त लोक फसतात. बी-सीरिजच्या टॅपेटचा व्यास १३/१६ इंच, म्हणजे २०.६४ मिमी. एमजीए आणि सुरुवातीच्या एमजीबीचे टॅपेट लांब, सुमारे २.३ इंच. नंतरच्या एमजीबीच्या १८व्ही इंजिनांत कंपनीने टॅपेट आखूड केले, सुमारे दीड इंच, आणि पुशरॉड लांब केले. व्यास तोच असल्यामुळे आखूड टॅपेट जुन्या ब्लॉकमध्ये अगदी छान सरकतो. मग जुना पुशरॉड फार खाली राहतो आणि रॉकरचा स्क्रू पोचत नाही. 'एमजीबीचे टॅपेट' एवढंच सांगून मागवू नका. इंजिनावरचा नंबर द्या, आणि पुशरॉड जुने वापरणार की नवे तेही सांगा.

ॲम्बेसेडरचे टॅपेट चालतात का, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. घराणं एक असल्यामुळे मोह होतोच, आणि ॲम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं तरी तिचे सुटे भाग शहरातल्या जुन्या दुकानांत अजून सापडतात. माझं उत्तर: नावावर घेऊ नका, मापावर घ्या. व्यास, लांबी, पुशरॉड बसतो त्या वाटीचा आकार आणि आतली खोली, हे सगळं मायक्रोमीटर आणि व्हर्नियरने आपल्या मूळ टॅपेटशी जुळवा. जुळलं तरी पुढची परीक्षा धातूची.

धातूनेच आमचा घात केला होता. पहिला संच एका दुकानातून घेतलेला. खोका जुना, छपाई झकास. इंजिन फसल्यावर त्यातल्या एका न वापरलेल्या टॅपेटच्या कडेवर मिस्त्रींनी बारीक कानस ओढली. चांगल्या टॅपेटवर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. इथे तिने चक्क धातू उचलला. "नरम हाये," एवढंच ते म्हणाले आणि कानस खाली ठेवली.

म्हणून आता मी आठ लागत असले तरी दहा घेतो. एक परीक्षेत खर्ची घालायचा, एक शिल्लक. परीक्षेचा टॅपेट नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नेला, तिथे धातूचा कडकपणा मोजणारं रॉकवेलचं यंत्र होतं. पूर्वीच्या नरम संचातलाही एक सोबत नेला. दोघांच्या आकड्यांत दहाहून जास्त अंकांची तफावत निघाली. यंत्राच्या टोकाने तळावर खड्डा पडतो, त्यामुळे तो टॅपेट पुन्हा वापरायचा नाही. पण एका टॅपेटच्या किमतीत आख्ख्या इंजिनाची खात्री मिळते, हा खर्च मला कधीच जड वाटला नाही.

उरलेल्या नऊंना कानस लावायची नाही, तळाला तर मुळीच नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या कसोट्या आहेत. दोन टॅपेटचे तळ एकमेकांना टेकवून धरा: घुमटाकार असतील तर किंचित डुलतात. सगळे सारखेच डुलायला हवेत. एखादा सपाट चिकटून बसला किंवा त्याची कड उंच वाटली तर तो बाजूला. भिंगाखाली तळावर सूक्ष्म भेग किंवा ग्राइंडिंगची जळकी निळसर छटा दिसली तरी बाजूला. वजनासाठी मी इतवारीच्या सराफ्यात ओळखीच्या सोनाराकडे गेलो. पहिल्या संचातल्या टॅपेटच्या वजनात काही ग्रॅमचा फरक होता, म्हणजे एका खोक्यात दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणचा माल भरलेला. दुसऱ्या संचाचं वजन जवळजवळ एक. वजनाने टॅपेट चांगला ठरत नाही, पण मिसळलेला माल लगेच उघडा पडतो.

जुने टॅपेट ग्राइंड करून घ्यावेत का? ज्याच्याकडे तळाचा घुमट राखून ग्राइंड करण्याची सोय आहे, असा माणूस मिळाला तर विचार करता येईल. साध्या सरफेस ग्राइंडरवर केले की तळ पाटासारखा सपाट होतो आणि टॅपेट फिरायचा बंद. हाच धोका कॅम ग्राइंड करण्यातही आहे. लोबचा तो बारीक उतार कारागिराने राखला नाही तर सगळी मापं बरोबर येऊनही टॅपेट फिरायचा थांबतो. आमच्या कॅमबाबत हाच संशय होता, म्हणून ग्राइंडिंगच्या भानगडीत न पडता इंग्लंडहून नवा कॅम आणि त्याच विक्रेत्याचे टॅपेट मागवले. कॅम ज्या धातूचा, त्याला साजेसाच टॅपेट लागतो. चिल्ड कास्ट आयर्नच्या (पृष्ठभाग कडक केलेल्या बिडाच्या) कॅमला जे टॅपेट चालतात ते स्टीलच्या कॅमला चालतीलच असं नाही. एकाच हातून जोडी घेतली की ही जबाबदारी विकणाऱ्यावर राहते.

हायड्रॉलिक टॅपेटचं विचारूच नका. त्यांना ब्लॉकमधून दाबाचं तेल लागतं, या ब्लॉकमध्ये त्याची वाटच नाही.

बोअर

नवा टॅपेट तेल लावून आपल्या बोअरमध्ये (ब्लॉकमधल्या त्याच्या भोकात) सोडला की स्वतःच्या वजनाने सावकाश खाली गेला पाहिजे आणि बोटाने गरगर फिरला पाहिजे. धपकन पडला तर बोअर झिजलंय, मध्ये अडला तर घाण किंवा कोर आहे. आमच्या पाचव्याचं मूळ इथे सापडलं. बोअरच्या खालच्या तोंडाशी जळक्या तेलाचं कडक कडं बसलं होतं. टॅपेट वर-खाली होत होता, पण त्या जागी फिरायचा थांबत होता. आधीच्या दोन्ही वेळी आम्ही ते पाहिलं नव्हतं, कारण वरून सगळं स्वच्छ दिसत होतं. ब्रेक सिलिंडरला वापरतात त्या बारीक होनने (आतून घासायच्या हत्याराने) हलक्या हाताने चार फेऱ्या मारल्या, केरोसीनने धुतलं, चिंधी पांढरी निघेपर्यंत पुसलं. त्यानंतर टॅपेट असा फिरला की मिस्त्रींनी आठही बोअर पुन्हा एकेकदा करायला लावले.

पहिली वीस मिनिटं

टॅपेट आणि कॅम एकमेकांना मुरतात ते पहिल्या वीस-तीस मिनिटांत. तेवढ्यात बिघडलं की पुढे सुधारत नाही. कॅमच्या लोबना या इंजिनात पंपाचं तेल थेट मिळत नाही, मुख्यतः क्रँकवरून उडालेलं तेल मिळतं. इंजिन मंद चालत असताना तेल कमी उडतं आणि नाकावरचा दाब मात्र सर्वांत जास्त असतो. म्हणून नवं इंजिन सुरू झाल्याबरोबर मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांवर घ्यायचं आणि वीस मिनिटं तिथेच, थोडं वर-खाली करत ठेवायचं. मंद चालवून कार्ब्युरेटर जुळवत बसायचं नाही. पहिल्या बांधणीत आम्ही एसयू कार्ब्युरेटरची जोडी जुळवण्यात अर्धा तास घालवला होता, इंजिन फटफट करत मंद चालू. नरम टॅपेटना त्याने उरलंसुरलंही संपवलं.

या वेळी तयारी आधी केली. लोबवर आणि टॅपेटच्या तळावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट, टॅपेटच्या अंगाला साधं तेल. फिल्टरकडे जाणाऱ्या पाइपातून तेल उलट भरून पंप ओला केला, म्हणजे दाब यायला स्टार्टर फार फिरवावा लागू नये. जितका फिरवाल तितकी पेस्ट पुसली जाते. टायमिंग आधीच लावलं, फ्लोट चेंबर भरले. मूळ ताकदीच्याच स्प्रिंग ठेवल्या. शर्यतीच्या कडक स्प्रिंग घातल्या असतील तर मुरवताना आतली स्प्रिंग काढून ठेवावी.

उभ्या गाडीचं इंजिन वीस मिनिटं २००० वर ठेवलं की नागपुरात काय होतं ते सांगायला नको. होळी झालेली, कूलर निघालेलाच होता. तो व्हरांड्यातून ओढत आणून पाणी न सोडता रेडिएटरपुढे लावला. तापमान शेवटपर्यंत काबूत राहिलं. पहाटे सहाला सुरू केलं होतं, हेही कामी आलं.

पुशरॉडवर आधीच पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढून ठेवली होती. वीस मिनिटांनंतर रॉकर कव्हर उघडून इंजिन क्षणभर मंद केलं, तर आठही रेघा हळूहळू फिरत होत्या. टॅपेट फिरला की पुशरॉडही त्याच्यासोबत फिरतो. मिस्त्री प्रत्येक रेघेवर बोट दाखवत मोजत होते. आठवी मोजून झाल्यावर त्यांनी स्वतःहून चहा सांगितला.

तेल

सपाट टॅपेटला वाचवतं ते तेलातलं झिंक आणि फॉस्फरसचं संयुग, झेडडीडीपी. आधुनिक गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टिकावेत म्हणून हलक्या ग्रेडच्या नव्या पेट्रोल तेलांत फॉस्फरसवर मर्यादा आली. एसएम आणि त्यापुढच्या दर्जाच्या ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० सारख्या तेलांत ते ०.०८ टक्क्यांहून जास्त नसतं. ही तेलं त्यांच्या इंजिनांना उत्तम, पण आपल्या कामाची नाहीत. जाड ग्रेडना ती मर्यादा लागू नाही. मी २०डब्ल्यू-५० वापरतो आणि घेण्याआधी त्याच्या माहितीपत्रकात झिंक-फॉस्फरस पाहून घेतो. ते मिळालं नाही तर सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० डिझेल तेल. वरून झिंकच्या बाटल्या ओतत सुटू नका. अति झालं तर तेही धातूला बाधतं. मुरवण झाली की ते तेल आणि फिल्टर दोन्ही लगेच बदला. आमच्या पहिल्या तेलात पेस्टचा काळपटपणा होता, चुंबकावर मात्र नावालाच धूळ.

साइड कव्हरबद्दल एक शब्द: कॉर्कची गॅस्केट नवी घाला आणि मधला बोल्ट हाताच्या जोरावर कसा. जास्त कसला की झाकण वाकतं आणि तेल कायमचं गळत राहतं.

त्यानंतरचं सगळं वहीत आहे. वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत पहिली फेरी, परत येऊन गार झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासले आणि इंजिन गरम करून क्लीअरन्स लावला. ५०० किलोमीटरला पाचवा १८, बाकी १७. तो १७ वर आणला. १५०० ला आठही १७. ३२०० ला रामटेकहून परतल्यावर पुन्हा पाहिले: सातवा १८, बाकी जागच्या जागी, आणि डायल गेजवर चारही एक्झॉस्ट एकमेकांच्या दोन थाऊंत. दहावा टॅपेट तेलकट कागदात गुंडाळून, कॅमच्या पावतीसोबत एकाच डब्यात ठेवला आहे.